पावसाचा खर्च

‘बाहेर. रात्र. पाऊस.’ नुसता लेखक होतो तेव्हा हे तीन शब्द मी कितीतरी पटकथांत लिहून गेलो. निर्माता झाल्यावर त्यांचा जमाखर्च समोर आला. पाण्याचे टँकर, जनरेटर, पाइप धरून उभी राहणारी माणसं, कॅमेऱ्यावरचं प्लॅस्टिक, रात्रपाळीचा वेगळा मेहनताना. शिवाय नटी एका टेकमध्ये भिजली की दुसऱ्या टेकला कोरडी हवी, म्हणून एकाच साडीचे तीन नग. मी अर्ध्या ओळीत ढग बोलावत होतो आणि ते ढग आणताना कोणीतरी रात्रभर जागत होतं.

१९९९मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी आलं. आठवड्याला एक भाग या दूरदर्शनच्या चालीवर वाढलेल्या आम्हा लिहिणाऱ्यांना आता रोजचा भाग पुरवायचा होता. अर्ध्या तासात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी तो तिसरा. माझी पानं सेटवर पोचायची तेव्हा बऱ्याचदा कलाकारांचा मेकअप झालेला असायचा. त्या घाईनं मला पुष्कळ शिकवलं. जे वाक्य नटाला एका वाचनात तोंडात बसत नाही ते बहुधा खोटं असतं, हे मला तिथेच कळलं.

पुढे स्वतः निर्मितीत उतरलो आणि लिहिताना हात आखडू लागला. वाहिनीकडून पैसे प्रसारणानंतर नव्वद दिवसांनी यायचे. स्पॉटदादाच्या आणि लाइटवाल्यांच्या घरची चूल मात्र रोज पेटायची, तिला नव्वद दिवस थांब म्हणता येत नाही. म्हणून मी कागदावरच काटकसर करायला लागलो. लग्न ठरलं की ते फोनवरून कळवायचं, बाजारातला प्रसंग स्वयंपाकघरात आणायचा.

अशाच एका मालिकेत नायिकेची सासू घर सोडून एसटीनं माहेरी निघते, असा प्रसंग होता. स्टँडची परवानगी, गर्दीची माणसं, प्रवासात जाणारा अर्धा दिवस, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी तो प्रसंग काढला आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळी घरच्यांना तिची चिठ्ठी सापडते, असं लिहिलं. ती भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीनं पानं वाचली आणि मला बाजूला घेतलं. “अरे, चाळीस वर्षं जिनं हे घर सांभाळलं, तिला उंबरा ओलांडताना आपण बघणारच नाही का?” माझ्याकडे हिशोब होता, उत्तर नव्हतं. भाग चिठ्ठीवरच गेला. आजही तो मला लाज वाटावी इतका अपुरा वाटतो.

त्या काळात मी पुन्हापुन्हा आचार्य अत्र्यांकडे वळायचो. १९५३चा ‘श्यामची आई’ त्यांनीच लिहिला, दिग्दर्शित केला आणि निर्माणही केला. पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. एकाच माणसातला लेखक आणि पैसे घालणारा एकमेकांशी काय बोलत असतील, याचा मी फार विचार करायचो. आणि फाळक्यांच्या सरस्वतीबाई तर मला या धंद्यातल्या पहिल्या निर्मात्याच वाटतात. दागिने त्यांनी दिले, सगळ्या युनिटचं जेवण दादरच्या घरात त्यांनी रांधलं, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्या शिकल्या. ३ मे १९१३ला कॉरोनेशनच्या पडद्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात त्यांच्या हातांचा वाटा केवढा होता!

मग २०२० आलं. १९ मार्चपासून चित्रीकरण बंद. आमच्याकडची भागांची बँक काही दिवसांत संपली. जूनअखेर पुन्हा सुरुवात झाली तेव्हा नियमांनुसार ६५च्या वरच्या कलाकारांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना सेटवर आणता येत नव्हतं. माझ्या कथेतल्या आजोबांना आणि नातवाला मी गावी पाठवून दिलं. कागदावर दोन ओळी. त्या रात्री आजोबांचं काम करणाऱ्या नटांचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, “गावीच पाठवलंयस ना रे? मारलं नाहीस ना?”

मी म्हटलं, “नाही काका. तुमची खोली तशीच ठेवलीय.”

फोन ठेवल्यावर मी उठून एक प्रसंग नव्यानं लिहिला. सून रोज संध्याकाळी आजोबांच्या खोलीत दिवा लावते. खर्च काहीच नव्हता, खोली सेटवर उभीच होती. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं ज्येष्ठांवरचं ते बंधन रद्द केलं आणि काका परत आले, तेव्हा त्या दिव्यापाशीच आम्ही त्यांचा पहिला शॉट घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये चित्रीकरण पुन्हा थांबलं. कित्येक मराठी मालिका गोव्याला गेल्या आणि मे महिन्यात तिथलीही परवानगी गेली.

काकांच्या त्या फोननंतर मी एक रीत पाळतो. पहिला खर्डा लेखकाचा. त्या वेळी भावांचा कागद घरात नको. दुसरा निर्मात्याचा, आणि तो कठोर. तिसरा पुन्हा लेखकाचा, कारण निर्मात्यानं काय कापलं आणि त्यातलं काय परत आणायचं, हे त्यालाच ठरवायचं असतं. पुष्कळदा पाऊस नुसता ऐकवून भागतं. बंद खिडकी, पत्र्यावरचा आवाज, आत बोलणारी दोन माणसं. तो पाऊस कधी कधी दिसणाऱ्या पावसाहून खोल उतरतो.

गेल्या चित्रपटात एक बाई रात्री घर सोडते. प्रॉडक्शन मॅनेजरनं पानावर बोट ठेवून विचारलं, “सर, हापण ऐकवायचा ना?”

“नाही. टँकर सांग.”

पहाटे तीनच्या सुमारास तिनं उंबरा ओलांडला. अंगणाच्या मध्यावर चिखलात तिची चप्पल रुतली. हे पटकथेत नव्हतं. ती थांबली, चप्पल तिथेच ठेवली आणि अनवाणी फाटकापर्यंत चालत गेली. दिग्दर्शकानं कट म्हटलं नाही. पाइप धरलेली पोरंही हलली नाहीत.