मांडीवरची गिटार

आमच्या घरी गिटार आली तेव्हा तिच्या नावाचा मी लावलेला अर्थ पुढे कित्येक वर्षे घरात थट्टेचा विषय होता. बापूकाकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, ‘ही हवाईयन गिटार’ असे सांगितले आणि सहा-सात वर्षांच्या मला वाटले, हवाई जहाज जसे हवेतून जाते तशी ही गिटार हवेतून वाजत असणार. बऱ्हाणपूरच्या मराठी मुलाच्या कानात हिंदी शब्द असे आधी येऊन बसलेले असतात. माझ्या तर्काला पुरावाही होता. १९५७ साली विविध भारती सुरू झाली होती आणि दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटे भरण्यासाठी चित्रपटगीतांच्या धुना लागत. त्यांतल्या कितीतरी गिटारीवरच्या असत. आधी व्हॅन शिप्ले, पुढे हजारा सिंग, सुनील गांगुली. तो लांबत, ओघळत जाणारा सूर खरोखरच हवेतून येई.

बापूकाका कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. पेढीच्या कामासाठी ते कलकत्त्याला गेले आणि परतताना ही पेटी काखोटीला मारून आले. वाजवण्याची रीत अशी, की गिटार छातीशी धरायची नाही, मांडीवर आडवी ठेवायची. तारा इतक्या उंच उचललेल्या, की बोटाने दाबून त्या पडद्याला लागतच नाहीत. उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांब. ती तारेवर हलकेच टेकवून सरकवायची. पडदे नुसते खुणेपुरते. खरा निवाडा कानाचा. कांब केसभर अलीकडे राहिली तरी सूर उतरतो, आणि त्या उतरलेल्या सुराला लपायला जागा नसते.

आजोबांनी हा प्रकार दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “सतारीनं काय घोडं मारलं होतं रे? आणायचंच होतं, तर आपलं काहीतरी आणायचं.” काका गप्प राहिले. वडीलधाऱ्यांना उलट बोलण्याची रीत आमच्या घरात नव्हती. परंतु ‘आपलं’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात रुतून बसला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्यानंतर येथे वस्तीला आलेल्या घरांपैकी आमचे एक. तापीकाठी इतक्या पिढ्या काढूनही आम्ही ‘बाहेरचे’ आणि पुण्याला गेलो तर तेथेही बाहेरचेच. अशा घरात ‘आपलं’ म्हणजे काय, हा प्रश्न केवळ वाद्याचा राहत नाही.

त्या वाद्याचा वंशवृक्ष पाहू गेले तर तोही असाच बाहेरच्यांनी भरलेला आहे. हवाई बेटांवर गिटार मुळात नव्हती. १८३० च्या सुमारास गुरे सांभाळायला आलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर ती तेथे पोचली. पुढे १८८९ च्या आसपास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून हे नवे वादन सिद्ध केले, असे मानतात. कोणी म्हणतात तो रुळाचा बोल्ट होता, कोणी म्हणतात कंगवा, कोणी चाकू. केकुकूने १९०४ मध्ये बेट सोडले आणि १९३२ साली दूर न्यू जर्सीत देह ठेवला. आणखी एक वदंता मोठी गमतीची आहे. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून होनोलुलूस आणलेला एक तरुण केकुकूच्याही आधी असे वाजवीत असे, अशी ती कथा. तिची खातरजमा कोण करणार? पण तार न दाबता तिच्यावरून काही सरकवून सूर काढणे आपल्याकडे विचित्रवीणेला आणि दक्षिणेतल्या गोट्टुवाद्याला ठाऊक होतेच. आजोबा हयात असताना मला हे माहीत असते, तर काकांच्या वतीने दोन शब्द बोलता आले असते.

कलकत्त्यापर्यंत हे वाद्य आले त्यात ताऊ मोए या कलावंताचा वाटा मोठा. सामोआत जन्मलेला आणि हवाईत वाढलेला हा माणूस सहकुटुंब जगभर गात-वाजवीत फिरला आणि १९४० च्या दशकातली काही वर्षे कलकत्त्यात राहिला. त्याने तेथे शिष्य तयार केले. बंगाली घरांत हे वाद्य असे रुजले, की काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध हेही त्याचे नामवंत वादक झाले. काकांनी आणलेली गिटार त्याच लाटेतली.

ती लाट आमच्या घरी मात्र ओसरीवरच थांबली. गणेशोत्सवात काका दोन चित्रपटगीते वाजवीत. टाळ्या पडत, आणि मग ‘आता खरे गाणे’ म्हणून गवईबुवा बसत. काकांना हे लागे. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. शेजारच्या डॉक्टरांकडे रेकॉर्ड प्लेअर होता. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर आणि गिटारीवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांतून उलगडणारी ती रचना. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात काका ती ऐकत होते, तेव्हा मी शेजारी होतो. अहीरभैरवाचे सूर मांडीवरच्या गिटारीतून निघताना ऐकून त्यांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा ओले होते. घरी येताना एवढेच म्हणाले, “म्हणजे होतं रे, बाळ. होतं.”

त्यानंतर वर्षभर ते पहाटे उठून रियाज करीत. काब्रांना अली अकबर खाँसाहेबांची तालीम होती. काकांना कोणाचीच नव्हती. मींड साधे, पण राग उभा राहत नसे. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा, परीक्षेचा अभ्यास करणारा. एका पहाटे वैतागून मी म्हणालो, “काका, ते हवाई वाद्य आता माळ्यावर टाका.” लहानपणीचा तोच शब्द, पण या वेळी त्यात निरागसपणा नव्हता. काका हसले. त्या दिवशी त्यांनी गिटार पुसली, पेटीत ठेवली आणि पुढे कधी काढली नाही. मला कोणी रागावले नाही, हेच त्यातले दुःख. १९९१ साली काका गेले. वाटण्या झाल्या, भांडी मोजली गेली, गिटारीवर कोणी हक्क सांगितला नाही. ती माळ्यावरच राहिली. निमाडचे इतके उन्हाळे तिने पत्र्याखाली काढले.

काब्रांचेच शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी २०१७ साली ‘हवाई टू कलकत्ता’ हा संग्रह काढला, ताऊ मोएला वाहिलेला. तो मी इंदूरला पुतणीच्या घरी ऐकला. ताऊ मोए २००४ सालीच निवर्तला होता आणि २०१८ मध्ये काब्राही गेले. पाहुणा म्हणून आलेले वाद्य शिकून, त्याला घरचे वळण लावून, पाहुण्याचे ऋण त्याच्याच स्मृतीला परत करावे, असा तो व्यवहार. हवाईची चाल आणि आपली मींड तेथे शेजारी शेजारी नांदतात. कोण यजमान, कोण पाहुणा, हे विचारावेसे वाटत नाही. काका चाचपडत जे शोधीत होते ते हेच असावे.

त्या बेटांवरही परतफेडीचेच दिवस चालू आहेत. तेथे १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली होती. १९७८ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९८४ पासून लहान मुलांना त्याच भाषेत शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. ग्रॅमी पारितोषिकांत २००५ ते २०११ पर्यंत हवाईयन संगीताला स्वतंत्र वर्ग होता. तो बंद झाला. तरीही हवाईयन भाषेत गाणाऱ्या कलानी पेआ याने प्रादेशिक संगीताच्या सामाईक वर्गात २०१७ साली ‘ए वालेया’साठी आणि २०२५ मध्ये ‘कुइनी’साठी ते पारितोषिक घेतले. आपल्या नातवंडांचे मराठी ‘आजोबा, नमस्कार’पाशी संपते म्हणून हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही वार्ता जरा थांबून वाचावी. भाषा काय किंवा वाद्य काय, माळ्यावर ठेवून जपले जात नाही. ते मांडीवर घ्यावे लागते.

आजोबांच्या ‘आपलं’चे उत्तर खरे तर याच गावात होते. सोळाव्या शतकात पुंडरीक विठ्ठल नावाचा कर्नाटकातला पंडित बऱ्हाणपूरच्या फारुकी दरबारात आला आणि ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ त्याने त्या आश्रयाने रचला. दक्षिणेचा पंडित, फारुकी सुलतान, उत्तरेचे राग! भातखंड्यांनी आपल्या मराठी ग्रंथांत त्याची चर्चा केली आहे. ज्या गावाने बाहेरून आलेल्या विद्येला असा पाट मांडला, त्या गावात एका कारकुनाच्या गिटारीला ओसरीवर थांबावे लागले, आणि त्यात माझाही हात होता.

गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या मुलीने माळ्यावरची पेटी उतरवली. तारा गंजलेल्या, मान वाकलेली. इंदूरच्या वाद्यदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे आम्ही ती नेली. त्यांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली आणि म्हणाले, की साधी गिटार म्हणून ही आता कामाची नाही, कारण वाकलेल्या मानेवर पडदे खोटे बोलतात. पण मांडीवर घेऊन वाजवायची असेल, तर हरकत नाही. त्या वादनाला पडद्यांशी देणेघेणे नसते, तारा उंच असल्या तरी चालतात.

नवीन तारा चढल्या. मुलीने कांब टेकवली, सरकवली. सूर केसभर उतरलेला लागला. ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, “पुन्हा लाव, बाळ. मी ऐकतो आहे.”