शहर निवडताना : घाटावरून घाटाखाली

मुलगी बारावीत गेली की खेड्यातल्या अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो : आता राहायला कुठे जायचे? आमचे अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावरचे घाटावरचे गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, ह्यांचे शिवणकाम, मुलगी विज्ञान शाखेत, मुलगा आठवीत. सासूबाई, म्हणजे अम्मी, सत्तरी ओलांडलेल्या. त्या गाव सोडणार नाहीत, दिराकडेच राहणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकले.

ह्यांचा ओढा औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे. चिखली, देऊळगाव राजा, जालना असा तो रस्ता. तिथे 1958 पासून विद्यापीठ आहे, डॉ. रफिक झकेरियांनी 1963 मध्ये उभे केलेले मौलाना आझाद महाविद्यालय आहे, घाटीसारखे मोठे सरकारी रुग्णालय आहे. मुलीचेही मन तिथेच होते.

पण याच शहराच्या इतिहासाने मला वेगळा विचार करायला लावला. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तेव्हा डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने वस्तीत आणले. पाण्याची सोय झाली म्हणून वस्ती टिकली. आज ते शहर जायकवाडीच्या पाण्यावर जगते आणि अनेक वस्त्यांत नळ कित्येक दिवसांनी येतो. म्हणून घर पाहताना मी हॉलची लांबी-रुंदी विचारत नाही. नळ कधी येतो आणि टाकी केवढी आहे, ते विचारते. पाणी भरायला रात्री कोण उठणार, हे त्या घरातल्या बाईला बरोबर ठाऊक असते.

दुसरी अडचण नोकरीची. आंतरजिल्हा बदली मिळाली, तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून सुरू होते. मग बदल्यांच्या वेळी पुन्हा दूरचे गाव वाट्याला येण्याची भीती.

बुलढाणा थंड हवेचे, जिल्ह्याची कार्यालये जवळ, पण रेल्वे नाही. खामगाव घाटाखालचे, उन्हाळा कडक. मात्र कापसासाठी 1870 मध्ये आलेला जलंबचा रेल्वेफाटा तिथे आहे, चांदीचा बाजार आहे, मुलीसाठी विज्ञान महाविद्यालय आहे. पाणी ज्ञानगंगेवरच्या धरणाचे. आणि अमडापूरची एसटी थेट, कुठे बदलावी लागत नाही.

भाड्याच्या घराचा अनुभव सगळ्याच शहरांत सारखा. फोनवर घर रिकामे असते. नाव सांगितले की "कालच दिले" असे उत्तर येते. म्हणून आपल्याच मोहल्ल्यात राहावे का? तिथे शेजार मिळतो, मशीद जवळ असते. पण रस्ता, गटार, वाचनालय हेही पाहावे लागते. आम्ही दोन्ही प्रकारच्या वस्त्या पायी फिरून पाहिल्या. एकदा सकाळी नळाच्या वेळी, एकदा मगरिबनंतर, मुली शिकवणीहून परततात तेव्हा. जाहिरातीत न दिसणारे पुष्कळ काही त्या दोन वेळांना दिसते.

शेवटी निर्णय झाला तो अम्मींच्या एका प्रश्नाने. सगळे हिशेब ऐकून त्या म्हणाल्या, "मला रात्री काही झालं, तर तुम्ही किती वाजता पोहोचाल?" औरंगाबादचे उत्तर आणि खामगावचे उत्तर यांत अर्ध्या रात्रीचा फरक होता.

आम्ही खामगावात दोन खोल्या घेतल्या आहेत. जूनमध्ये राहायला जाऊ. मुलगी गप्प होती. मग तिने अट घातली : बी.एस्सी.नंतर औरंगाबादला प्रवेश मिळाला, तर अडवायचे नाही. तिच्या अब्बांनी अम्मींसमोर शब्द दिला. घराच्या भाड्याबरोबर आता दर महिन्याला थोडी रक्कम त्या शब्दासाठीही बाजूला ठेवायची आहे.

ज्यांच्या घरी हाच विषय चालू आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : शहराचे नाव ठरवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, त्याचा दिवस तिथे कसा जाईल. जो मागे राहणार आहे, त्यालाही विचारा.