‘टॉम्बे’ नावाची बातमी

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघणारा माणूस दर दोन मिनिटांनी मान लांब करून रस्त्याकडे बघतो. गाडी उशिरा येईल, भरून येईल, नाहीतर येणारच नाही. पण काय ते तास-दोन तासांत कळतं. कळलं की माणूस पिशवी उचलतो आणि चालू लागतो.

दमयंती तांबे यांच्या वाट्याला हे कळणं आलंच नाही.

3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारताच्या हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. 5 तारखेला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे सुखोई-7 घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावर बॉम्बहल्ल्याला गेले. सुखोई-7 एका इंजिनाचं, एकाच माणसाचं विमान. अंगानं दणकट, पण इंधन घटाघटा पिणारं. शत्रूच्या आभाळात रेंगाळायला सवड नाही. खाली झेपावायचं, बॉम्ब सोडायचे आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून घराकडे वळायचं. तांबे परतले नाहीत.

दमयंतींशी त्यांचं लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दमयंती तेव्हा देशातल्या अव्वल बॅडमिंटनपटू. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर होता.

त्याच दिवसांत पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापून आली. त्यात एक नाव होतं, फ्लाइट लेफ्टनंट ‘टॉम्बे’. एवढीशी चूक, पण किती बोलकी! मराठी आडनाव परक्याच्या कानावर पडलं की असंच वाकतं. कुणाच्या तरी तोंडून ते कुणीतरी ऐकलं असणार, असंच वाचणाऱ्याच्या मनात येतं. या एका शब्दाच्या आधारावर एका बाईनं उभा जन्म काढला.

1949 च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या सैनिकाचं नाव त्याच्या देशाला कळवावं लागतं आणि लढाई थांबली की त्याला सोडावं लागतं. रावळपिंडीच्या छावणीतून निसटण्याचा प्रयत्न करणारे भारतीय वैमानिक दिलीप परुळकर 1972 च्या डिसेंबरात वाघ्याहून मायदेशी आले. भारतानंही पाकिस्तानचे 93,000 युद्धकैदी परत पाठवले. बेपत्ता म्हणून ज्या 54 भारतीय सैनिकांचा उल्लेख होतो, त्यांच्यापैकी कुणीही आपल्या ताब्यात नाही, असं पाकिस्तान सांगत आलं आहे.

गेलेल्या माणसाची तिथी असते, त्या दिवशी घरात पान वाढलं जातं. बेपत्ता माणसाचं पान कोणत्या दिवशी वाढायचं? हे कुठल्याच सरकारी पत्रात लिहिलेलं नसतं. शौर्याचं कौतुक आपण तोंडभरून करतो, मात्र बेपत्तांच्या प्रश्नाचा पिच्छा पुरवण्यात आपण कमी पडलो, हे कबूल करायला हवं.

दमयंतींनी पुन्हा लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात त्यांनी नोकरी केली. 2007 साली बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत आपली माणसं शोधायला गेले, त्यांत त्याही होत्या. विजय तांबे तिथे सापडले नाहीत.