उंचीचं निमित्त

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मागच्या आठवड्यात जुनी गाडी विकली. तिची कागदपत्रं शोधताना २०१८ सालची एक पावती सापडली आणि सगळं आठवलं. आत्या, वाचत असशील तर यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं अर्धं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तर झालं असं, की त्या उन्हाळ्यात अण्णा-आई पहिल्यांदाच आमच्याकडे डेन्व्हरला आले होते. माझी गाडी तेव्हा सतरा वर्षांची. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फोर-व्हील ड्राइव्ह. बर्फासाठी म्हणून सेकंडहँड घेतलेली. गेले काही महिने ती जड झाली होती. सिग्नल सुटला की मागचे हॉर्न मारायचे. एका गॅरेजवाल्याने चक्कर मारून सांगितलं, गिअरबॉक्स गेला, उतरवून नवा बांधावा लागेल, बत्तीसशे डॉलर. गाडीची किंमतही तेवढीच असेल! मी "बघू" म्हणून घरी आलो होतो.

एका शनिवारी सगळे डोंगरात निघालो. डेन्व्हरपासून पश्चिमेला आय-७० हायवे चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याला जातो, अकरा हजार फुटांच्या वर. शेवटच्या टप्प्यात चांगलाच खडा चढ आहे. तिथे माझी गाडी ताशी तीस मैलांवर आली. पाय पार खाली दाबलेला, धोक्याचे दिवे लावलेले, आणि शेजारून भरलेले ट्रक पुढे जातायत...

"काय रे, हिला काय झालंय?" अण्णांनी विचारलं.

मी लगेच शास्त्र सांगितलं. अण्णा, इथे हवा विरळ आहे. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. डेन्व्हरच पाच हजार दोनशे ऐंशी फुटांवर, इथे तर एक तृतीयांश ताकद गेलेली असते.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी हाच चढ कशी चढत होती?"

मी आठवलं. पंचावन्नने चढायची.

"मग उंची तेव्हापण होती की लेका. डोंगर काय वाढला नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अण्णांनी बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. ऑटोमॅटिक गाडीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मला बाहेर बोलावलं. आधी फोर-व्हीलचा दांडा बघायला लावला. चुकून लागलेला राहिला तर कोरड्या रस्त्यावर गाडी बांधून ठेवल्यासारखी ओढते. नव्हता लागलेला. मग दोन मैल फिरवून आणायला सांगितली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ब्रेक चिकटत असेल तर ते एक चाक जास्त तापतं. चारही सारखीच. गिअरबॉक्सचं तेल, इंजिन गरम आणि चालू ठेवून, पट्टीवर बघितलं. लाल, पातळी बरोबर, जळका वास नाही. एअर फिल्टर साफ.

मग शेजारी बसून म्हणाले, "आता दाब. काटा बघ." काटा तीन हजाराच्या पुढे जाईना.

"क्लच घसरतो तेव्हा इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. तुझ्या ऑटोमॅटिकला क्लचचा पाय नसला तरी आत काहीतरी घसरणारच ना? मग इंजिन जास्त फिरायला पाहिजे. इथे इंजिनच फिरंना. गिअरबॉक्स कशाला खोलतोस?"

बत्तीसशे डॉलरचं उत्तर इतकं सोपं होतं. नंतर अण्णांनी सायलेन्सरच्या तोंडापासून थोडा लांब हात धरला आणि मला रेस करायला लावली. "धूर बाहेर येईना नीट. हिला श्वास सोडताच येत नाही, तर घेणार कुठनं?"

सोमवारी एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने एक्झॉस्टमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयच्या आत असायला हवं ते आमचं नऊला पोचलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला होता. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळून बसलेली. कारण? मीच. एक स्पार्क प्लग नीट पेटत नव्हता, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता आणि मी महिनाभर तसाच ऑफिसला जात होतो. न जळलेलं पेट्रोल त्या जाळीत जाऊन जळतं आणि ती वितळते. नवा कन्व्हर्टर, प्लग, मजुरी मिळून सहाशे चाळीस डॉलर. तीच ही पावती.

पुढच्या शनिवारी बोगद्यापर्यंत पन्नासच्या वर. अण्णा खूश. फोनवर सगळ्यांना सांगून झालं. इथपर्यंतची गोष्ट आत्याला माहीत आहे.

आता उरलेलं. त्या दोन महिन्यांत अण्णा आमच्या पंधरा पायऱ्यांच्या जिन्यावर मध्ये एकदा थांबायचे, कठड्याला धरून. मी म्हणायचो, "अण्णा, उंची आहे, सावकाश." पाहुणे आले की त्यांनाही हेच सांगायचो. सगळ्यांना पटायचं, अण्णांनासुद्धा. सांगलीत तुम्ही जिना कसा चढता, हे मी एकदाही विचारलं नाही.

त्या दिवाळीत मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना नळीत फुंकर मारायला लावली. सीओपीडी. हवा पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून नवी आत यायला जागा राहत नाही. वर्कशॉपचा धूर आणि चाळीस वर्षांच्या विड्या. आई तेव्हा म्हणाली, "अरे, दोन वर्षं झाली, घरीपण थांबतातच की जिन्यात. मला वाटलं वय झालं." तिचं निमित्त वय होतं, माझं उंची. दोन्ही खरीच होती, म्हणून तर पुढे कुणी बघितलं नाही.

गेलेला भाग परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. विडी त्याच दिवशी सुटली. रोज इन्हेलर घेतात. बरे आहेत, फिरायला जातात, माझ्या लिहिण्यातल्या चुका काढतात.

आता दर रविवारी फोनवर "कसं आहे?" असं विचारत नाही. "बरं आहे" हेच उत्तर येतं. विचारतो, "अण्णा, मागच्या महिन्यात देवळाच्या पायऱ्यांवर किती वेळा थांबत होता? आणि आता?" ते हसतात. म्हणतात, "काटा बघतोस काय माझा?"

हो, बघतो. असो.