चाळिशीच्या आत पेन्शनचा हिशेब मांडा

गेल्या वर्षावासात पेण तालुक्यातल्या एका विहारात प्रवचन संपल्यावर मी सहज विचारलं, "इथे बसलेल्यांपैकी किती जणांना म्हातारपणी पेन्शन मिळणार आहे?" दोन हात वर आले. एक निवृत्त शिक्षक आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका. बाकी सगळे ठेकेदाराकडचे कामगार, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बाया, रिक्षा चालवणारी पोरं. आणि मी. समाजशास्त्रात एम.ए. केलेला, लोकांचे निराधार योजनेचे अर्ज भरून देणारा, 39 वर्षांचा कार्यकर्ता. माझाही हात खालीच होता.

आपण चळवळीतली माणसं पेन्शनचा विषय दोनदाच काढतो. एकदा सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर जातात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा एखादी म्हातारी तहसील कार्यालयाच्या पायरीवर रडत बसलेली दिसते तेव्हा. मधली तीस-चाळीस वर्षं आपण या विषयाकडे बघतच नाही. माझ्या घरात हेच झालं.

माझे वडील रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे कामाला होते. पगारातून पीएफ कापला जायचा. नऊ वर्षं भरली आणि ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने घेतलं नाही. ताईचं लग्न तोंडावर होतं. बाबांनी पीएफ काढला, आणि सोबत पेन्शनचा जमा पैसाही काढून घेतला. अर्ज भरून देणाऱ्याने विचारलंच नाही, की आणखी एक वर्ष कुठे काम मिळेल का. कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये दहा वर्षांची नोकरी झाली की 58 व्या वर्षी पेन्शन लागू होते, आणि ती दहा वर्षं एकाच मालकाकडे व्हावी लागत नाहीत. पेन्शनचे पैसे न काढता योजनेचं प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं आणि पुढची नोकरी त्यात जोडता येते. हे बाबांना कुणी सांगितलं नाही. मला सांगता आलं असतं, पण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मी वर्गात वेबर आणि मार्क्स शिकत होतो.

बाबा गेले. ते एक वर्ष भरलं असतं, तर आज आईला त्यांच्या मागे महिन्याला किमान हजार रुपये विधवा पेन्शन मिळाली असती. रक्कम छोटी आहे, मान्य. पण दर महिन्याला कुणापुढे हात न पसरता येणारे हजार रुपये म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली जाते त्यांना विचारा.

आता आईचं. आई सांगते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. भूकंप डिसेंबर 1967 चा. म्हणजे जन्म 1957 चा. पण आधारवर जन्मतारीख पडली 1 जानेवारी 1962. ज्याने मशीनवर नोंद केली त्याने अंदाजाने टाकली, आणि शाळेचा दाखला नसल्याने ती बदलत नाही. कागदावर पाच वर्षांनी लहान असल्यामुळे तिला लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये मिळतात. ही योजना 21 ते 65 वयाची. जानेवारी 2027 मध्ये आई कागदावर 65 ची होईल आणि पैसे थांबतील. मग श्रावणबाळ योजनेत अर्ज करायचा. तिथेही 1,500 रुपयेच आहेत. पण लाडकी बहीणसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, आणि श्रावणबाळसाठी 21,000. दिवसाला 58 रुपयेही होत नाहीत. माझं मानधन धरलं की आई त्यात बसत नाही.

हा हिशेब नीट बघा. 64 व्या वर्षी जी बाई सरकारला गरजू वाटते, ती 65 व्या वर्षी, हातपाय थकल्यावर, सरकारला श्रीमंत वाटू लागते. योजना आखणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं की नजरचुकीने झालं, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र एकच आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न दयेवर सोडला नव्हता. 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मागणी केली, की विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा काढणं कायद्याने सक्तीचं असावं. ते 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. मजुराचं आयुष्य बाजाराच्या भरवशावर सोडलं की काय होतं, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पुढे घटनेच्या कलम 41 मध्ये म्हातारपण, आजारपण, बेकारी आणि अपंगत्व यांत सरकारी मदत मिळण्याचा हक्क आला. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आला. कोर्टात जाऊन तो मागता येत नाही. मतपेटीतून आणि रस्त्यावरून मागावा लागतो. आपण तो किती वेळा मागितला?

काही साथी म्हणतात, "अटल पेन्शन वगैरे सगळं गरिबाच्याच खिशातून काढून गरिबालाच परत देणं आहे. त्यात आपण का अडकायचं?" टीका बरोबर आहे. अटल पेन्शनमध्ये 60 व्या वर्षी 5,000 रुपये हवे असतील, तर 18 व्या वर्षी सुरू करणारा महिन्याला 210 रुपये भरतो, तिशीतला 577 आणि चाळिशीतला 1,454. ज्याला लवकर नोकरी लागली नाही त्यालाच जास्त भरावं लागतं. शिवाय महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या 5,000 रुपयांची किंमत आजच्या 1,900 रुपयांच्या आसपास उरते. हे सगळं मी मान्य करतो. पण टीका बरोबर आहे म्हणून दार उघडं राहत नाही. वयाची 40 वर्षं उलटली की प्रवेश बंद. श्रम योगी मानधन योजनेचंही तेच आहे. ती महिना 15,000 पर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगारांसाठी आहे. तिथे 60 नंतर 3,000 रुपये मिळतात, आणि तुम्ही भरता तेवढेच पैसे केंद्र सरकार भरतं. 18 व्या वर्षी 55 रुपये, 40 व्या वर्षी 200. पीएफ कापला जाणाऱ्यांना मात्र त्यात घेत नाहीत.

पेणमध्ये "बचत करा" म्हणणं सोपं नाही, हेही मला माहीत आहे. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. तेव्हापासून इथला माणूस कुठलाही फॉर्म पुढे केला की पहिला प्रश्न विचारतो, "हे बुडालं तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की अटल पेन्शनमधल्या किमान रकमेची हमी केंद्र सरकारची आहे. ज्या योजनेत सरकारची लेखी हमी नाही, तिच्या एजंटला विहाराच्या आवारातही येऊ देऊ नका.

म्हणून मित्रांनो, माझं म्हणणं असं आहे. दोन्ही कामं एकदम करावी लागतील.

पहिलं काम घरचं. धाटाव असो की नागोठणे, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या प्रत्येक भावा-बहिणीचा यूएएन नंबर काढा. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच राहिला पाहिजे. दोन असतील तर जोडून घ्या. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तिथे दर महिन्याला रक्कम पडते का बघा. ठेकेदाराने कापून भरली नसेल, तर मूळ कंपनीला जबाबदार धरता येतं. अर्ज एकट्याने करू नका, दहा-वीस जण मिळून करा. दहा वर्षं भरायच्या आत पेन्शनचे पैसे काढू नका. 15,000 पगारावर दहा वर्षांची पेन्शन होते 2,142 रुपये, आणि पंचवीस वर्षांची 5,785. ज्यांचा पीएफ नाही, त्यांनी चाळिशीच्या आत वरच्यापैकी एक योजना धरा. आणि आई-वडिलांच्या आधारवरची जन्मतारीख आजच तपासा. आमच्या घरासारखं पासष्टीच्या तोंडावर नको.

दुसरं काम रस्त्यावरचं. 21,000 ची मर्यादा निदान लाडकी बहीणच्या मर्यादेइतकी करा, ही मागणी तहसीलदारांपासून पालकमंत्र्यांपर्यंत प्रत्येक निवेदनात गेली पाहिजे. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या कार्यक्रमात एक टेबल पीएफचं आणि पेन्शनचं लागलं पाहिजे. जुन्या पेन्शनच्या मोर्चात आपले शिक्षक आणि तलाठी असतात. त्यांच्या शेजारी नगरपरिषदेचा ठेक्यावरचा सफाई कामगारही चालला पाहिजे.

आणि माझं? माझ्या यूएएनवर एका जुन्या संस्थेतली सहा वर्षं चार महिने पडून आहेत. दोनदा काढायचा विचार केला, बाबांची आठवण झाली आणि थांबलो. गेल्या महिन्यात अटल पेन्शनचा फॉर्म भरला. 3,000 रुपयांच्या पेन्शनसाठी महिन्याला 792. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "अगदी वेळेवर आलात, वर्षभरच उरलं होतं." घरी आल्यावर आईने विचारलं, "म्हंजे तुला मिळणार. मला?"

तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते आपल्याला मिळूनच मिळवावं लागेल, जानेवारी 2027 च्या आत.

जय भीम.