ग्रीसचे पैसे

माझ्या टेबलावर कागद दाबायला एक किंगपिन ठेवलेली आहे. वीतभराहून आखूड, अंगठ्याएवढी जाड पोलादी कांडी. नुसती पाहिली तर सरळ, चकचकीत दिसते. नख फिरवलं की एका जागी अडकतं. ती झीज माझी आहे.

बाबा खामगावात वकिली करत. जिल्हा न्यायालयातल्या तारखांसाठी त्यांची बुलढाण्याला सतत ये-जा असे. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, मध्ये बोथ्याचा घाट. गाडी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीचं नाव 1974 साली पद्मिनी झालं, तरी आमच्याकडे ती फियाटच राहिली. तिची पुढची चाकं किंगपिनभोवती वळतात आणि त्या पिनेला ग्रीस पोचवायला निपलं असतात. दर महिन्याला गाडी नेऊन ग्रीस मारून आणायचं काम माझं होतं. बाबा वीस रुपये देत. मी ते टॉकीजवर उडवायचो, गाडीखालचा चिखल धुवायचो आणि हात मुद्दाम काळे करून घरी यायचो. वर्षभर हे चाललं.

1990च्या पावसाळ्यानंतर पुढून खडखड यायला लागली. डावं टायर एका कडेने खाल्लं गेलं. बाबांनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. खट्. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला तर दोष बेअरिंगचा. तो थांबला नाही. मिस्त्री खाली वाकले, चिंधीने निपल पुसलं. आत वाळलेली माती गच्च बसली होती. त्यांनी निपलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बाबा म्हणाले, "काय झालं?"

"घाटाची गाडी हाये, वकीलसाहेब. घाटानं खाल्ली. पोऱ्याले दोन दिवस माह्याकडं पाठवा, हात कमी हायेत."

हात कमी नव्हते. त्यांच्या गॅरेजात दोन पोरं रिकामी बसून बिड्या फुंकत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला जुळणीतल्या प्रत्येक नटावर रॉकेल सोडायला लावलं. नट काढूनही टाय रॉडचा जोड निघेना. तेव्हा त्यांनी स्टिअरिंग आर्मच्या डोळ्यावर समोरासमोर दोन हातोड्या एकदम मारल्या आणि जोड आपसूक सुटून खाली आला. ब्रेकची नळी न खोलता अख्खी प्लेट तारेने वर टांगली. स्प्रिंगीची पाळी आली तसे ते गप्प झाले. खालच्या आर्मखाली जॅक, स्प्रिंगीला साखळी. वरचा जोड सोडून जॅक एकेक दात खाली येत होता. मी वाकून पाहायला गेलो तर मनगटावर पान्याचा फटका बसला. "गाडीचं वजन हाये तिच्या अंगात. ते निघू दे आधी."

दुसऱ्या दिवशी किंगपिनची खिटी ठोकून काढली. पिन मात्र जागची हलेना. पितळी पंच धरून मी तासभर ठोकत होतो, तळहाताला फोड आले. शेवटी ती सुटली, बुशांचा चुरा घेऊन. मिस्त्रींनी ती पुसून माझ्या हातात दिली. "डोयानं नको पाहू. नख फिरव."

नख अडकलं.

"कापसाची बंडी घेऊन येणारा माणूस आसाले वंगण देल्याबिगर खामगावची वाट धरत नाही. अन् तू बापाले घाटात पाठवत होता. निपल बोलून राह्यलं, पोट्ट्या."

मी रडायला लागलो. ते बुशांना रीमर मारत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्या सांगनार नाही. सांगाचं तं तूच सांग."

चार वर्षांनी पहिला पगार झाला. मी मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी तेव्हा न घेतलेले दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे पुढे केले. ते नको म्हणतील, पाठीवर हात ठेवतील, असं काहीतरी मनात होतं. त्यांनी पैसे घेतले, मोजले, खिशात घातले. "पैसे कुठं सोडले होते म्या? तोंड बंद ठेवलं होतं." आणि विचारलं, "बापाले सांगितलं?"

त्याच संध्याकाळी सांगितलं. बाबा चष्मा पुसत होते. रागावले नाहीत. बराच वेळ काचा पुसत राहिले, मग म्हणाले, "स्टिअरिंग थरथरायचं तेव्हा मला वाटायचं, माझेच हात कापायला लागलेत. म्हणून संध्याकाळच्या परतीच्या तारखा घेणं सोडलं होतं मी त्या वर्षी."

ते वर्ष मला आठवलं. दुरुस्तीनंतर बाबा पहिल्यांदा बुलढाण्याहून अंधार पडल्यावर परतले होते आणि अंगणात गाडीतून उतरून दोन्ही पंजे उजेडात धरून पाहत होते. तेव्हा मला वाटलं होतं, हाताला काही लागलंय.