कोपऱ्यातला संगणक

लहान आणि स्वस्त या दोन विशेषणांचे परस्परांशी सख्य असते, अशी माझी आजवरची समजूत होती. लहान वही मोठ्या वहीपेक्षा स्वस्त, लहान खोली मोठ्या खोलीपेक्षा स्वस्त. तेव्हा लहान संगणकही स्वस्तच असावयाचा. हे अनुमान किती फसवे आहे ते कळावयास मला पंचावन्नावे वर्ष आणि लॅमिंग्टन रोडच्या चार फेऱ्या लागल्या.

झाले असे, की गेल्या दिवाळीनंतर पत्नीने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत तिच्या अकरा वह्या होत्या. ऐन विशीत तिने मावळातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, आणि त्यांवर तिला प्रबंध लिहावयाचा होता. १९९९ साली माझा प्रबंध पुरा झाला, तिचा राहिला. तो का राहिला, हे आमच्या घरात मोठ्याने कोणी कधी विचारले नाही. आता मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरास असतो. "या ओव्या एकदा नीट टाइप करून ठेवते," एवढेच ती म्हणाली. आपल्या साठवणीतले तीस हजार रुपये तिने माझ्या हाती दिले आणि जागा दाखविली: आतल्या खोलीतले खिडकीखालचे अरुंद टेबल. मुलाचा चोवीस इंची पडदा घरात होताच. लॅपटॉपची बारीक अक्षरे तिच्या डोळ्यांना सोसत नाहीत. म्हणजे फक्त डबा हवा होता, आणि तो सुटे भाग निवडून जुळवावयाचा होता.

इंग्रजीच्या प्राध्यापकाला नवा विषय मिळाला की तो प्रथम त्याचा इतिहास वाचतो. मीही वाचला. संगणकाचे सर्व भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड रूढ मापात ३०५ मिलिमीटर लांब व २४४ रुंद असतो. २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने १७० मिलिमीटर चौरसाचे 'मिनी आयटीएक्स' माप काढले. मला ते फार आवडले. परंतु दुकानात चौकशी करता असे आढळले, की या तळहाताएवढ्या बोर्डाला त्याच्या थोरल्या भावाहून जास्त पैसे पडतात, आणि वर रॅमच्या खाचा दोनच मिळतात. लहान डब्यात मावणाऱ्या एसएमपीएसचीही तीच कथा. आधी मला हा शुद्ध अन्याय वाटला. मग आठवले, की चौदा ओळींच्या सुनीताला खंडकाव्यापेक्षा कमी श्रम पडतात असे मी स्वतः वर्गात कधी म्हटलेले नाही.

तरीही पंधरा दिवस मी रंगून गेलो होतो. काचेच्या भिंतीचे कॅबिनेट, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ग्राफिक्स कार्ड, सहा गाभ्यांचा प्रोसेसर, अशी यादी वाढत होती. हे 'पुढेमागे' नक्की कोणाचे, हा प्रश्न मला पडला नाही. एका रात्री यादी वाचून दाखविली, तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, "अहो, याचा आवाज होईल का? आईंची झोप फार सावध आहे. मी बसणार ती रात्री दहानंतरच."

माझी आई त्याच खोलीत निजते. पंधरा दिवसांत मी दुकानदारांना शेकडो प्रश्न विचारले होते. जिला लिहावयाचे तिला एकही नाही. आणखी एक गोष्ट त्या वेळी आठवली, ती सांगणे प्राप्त आहे. माझा प्रबंध मी याच टेबलावर लिहिला. त्या वर्षांत ती स्वयंपाकघरात, ओट्यावर वही ठेवून, उभ्याने ओव्या उतरवीत असे. दिव्याचा उजेड माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून दार लोटून घेत असे.

यादी फाडली. चौथ्या फेरीत दुकानातल्या तरुणाने एएसरॉकचा 'डेस्कमिनी एक्स३००' नावाचा डबा पुढे केला. साडेपंधरा सेंटिमीटर चौरस, आठ उंच. सगळे आकारमान दोन लिटरांहून कमी. मदरबोर्ड आत बसविलेलाच. एसएमपीएस नाही, त्यामुळे त्याचा पंखाही नाही. वीज लॅपटॉपसारख्या बाहेरच्या १२० वॉटच्या अडॅप्टरमधून येते. प्रोसेसर मात्र आपण निवडावयाचा. मी अजून सहा गाभ्यांवर अडलो होतो. "सहा कशाला? लिहिणार मी एकटी," असे ती फोनवर म्हणाली, आणि चार गाभ्यांचा एएमडी रायझन ३ ३२००जी घेतला. चित्र दाखविण्याची सोय त्याच्याच पोटात असल्यामुळे निराळे कार्ड लागत नाही.

"सर, याच्याबरोबर येणारा कूलर यात बसणार नाही," तो तरुण म्हणाला. कूलर ५४ मिलिमीटर उंच, डब्यात जागा ४६ ची. आठ मिलिमीटरांपायी ३७ मिलिमीटरांचा बसका कूलर वेगळा विकत घ्यावा लागला, आणि तो मुळीच स्वस्त नव्हता.

ते पैसे एसएसडीत वाचविले. मला एक टेराबाइटची हवी होती. मग हिशेब केला: दोनशे पानी वही, पानावर हजार अक्षरचिन्हे, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट, अकरा वह्या मिळून सात मेगाबाइटही भरत नाहीत. पाचशे गिगाबाइटची घेतली, तीही चैनच झाली. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले होते, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांकडे मेमरीचा ओघ वळला होता. पण या डब्याला लॅपटॉपचीच रॅम चालते. मुलाचा बिघडलेला लॅपटॉप उघडून त्यातली आठ गिगाबाइटची पट्टी काढली आणि तशीच एक जुनी विकत घेऊन जोडीला लावली. चित्राचे काम मुख्य स्मृतीवरच चालत असल्याने एका पट्टीपेक्षा दोन बऱ्या. प्रणाली फुकटची लिनक्स. तीस हजारांतून थोडे पैसे उरले. ते तिने मोजून परत घेतले.

डबा पडद्यामागे ठेवल्यावर टेबलावर वही उघडण्याइतकी जागा राहिली. पहिल्या रात्री साडेदहाला ती बसली. आई पलीकडे घोरत होती. यंत्र चालू आहे की नाही हे पाहावयास मी वाकून कान लावला; दिवा लागलेला होता, आवाज जवळजवळ नव्हता. पहिली वही उघडून तिने दोन ओळी टाइप केल्या, थांबली, आणि मागे न पाहता म्हणाली, "तुम्ही पाठीशी उभे राहू नका. आणि जाताना दार लोटून घेऊ नका, उघडेच असू दे."